व्यायाम, जेवणाची वेळ आणि भूक: लठ्ठपणा असलेल्या किशोरवयीन मुलांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आई-वडिलांनी आणि काही वेळा खुद्द मुलामुलींनी पाठवलेले आहेत. एकच प्रश्न दहा जणांनी दहा तऱ्हांनी विचारला असेल, तर त्यातला नेमका वाटला तो ठेवला आहे. मुलांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मुलांनाच उद्देशून लिहिली आहेत. पालकांनी तीही वाचावीत. किशोरवयीन म्हणजे इथे १० ते १९ वर्षं.

१. माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. अंगाने भरलेला आहे, पण उंचीही वाढतेय. याला लठ्ठपणा म्हणायचं का?

नजरेने किंवा नुसत्या वजनावरून सांगता येत नाही. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. मोठ्या माणसांसाठी त्याचे ठरलेले आकडे असतात, वाढत्या मुलांचा बीएमआय मात्र वय आणि लिंगानुसारच्या तक्त्यावर बघावा लागतो. उदाहरणार्थ, बीएमआय २३ हा आकडा १० वर्षांच्या मुलासाठी लठ्ठपणाच्या रेषेपलीकडचा आहे आणि १७ वर्षांच्या मुलासाठी अगदी ठीक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात मध्यापासून दोन प्रमाण विचलनांच्या (आकडा मध्यापासून किती दूर आहे ते मोजायचं माप) वर गेलं की लठ्ठपणा आणि एक ते दोनच्या दरम्यान जास्त वजन, असं धरतात. काही तक्त्यांत ९५ वा पर्सेंटाइल, म्हणजे त्याच वयाच्या शंभरातल्या ९५ मुलांपेक्षा जास्त बीएमआय, ही लठ्ठपणाची सीमा असते.

उंची वाढतेय ही जमेची बाजू आहे. वजन आहे तिथेच थांबलं आणि उंची वाढत राहिली, तरी बीएमआय उतरतो. म्हणून या वयातल्या बऱ्याच मुलांसाठी पहिलं उद्दिष्ट वजन घटवणं हे नसतंच, वजनाची वाढ रोखणं हे असतं. लठ्ठपणा तीव्र असेल तर गणित बदलतं, ते डॉक्टरांबरोबर ठरवा.

२. व्यायाम करून आला की दुप्पट जेवतो. मग व्यायामाचा उपयोग काय?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. त्यामागचा समज अर्धा खरा आहे, म्हणून जरा सविस्तर.

चांगला दम लागेल असा व्यायाम करून माणूस थांबतो तेव्हा त्याची भूक वाढलेली नसते, उलट मंदावलेली असते. जठरातून घ्रेलिन नावाचं भूक चाळवणारं हार्मोन स्रवतं. १९९९ साली जपानी संशोधकांनी ते शोधलं. जोरकस व्यायामानंतर त्याचं सक्रिय रूप रक्तात कमी होतं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारी आतड्यातली हार्मोन्स, म्हणजे पीवायवाय आणि जीएलपी-१, वाढतात. हा परिणाम साधारण अर्धा ते एक तास टिकतो, मग भूक मूळ पदावर येते. सावकाश चालण्याने असं काही होत नाही. भूक दबायला तीव्रता लागते.

लठ्ठपणा असलेल्या मुलांवर याचे थेट प्रयोग झाले आहेत. फ्रान्समधल्या क्लेर्मों-फेराँ इथल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना तीन वेगवेगळ्या दिवशी एका बंदिस्त खोलीत ठेवलं होतं. श्वासावरून शरीराने किती ऊर्जा वापरली ते तिथे मोजता येतं. एक दिवस नुसतं बसून, एक दिवस क्षमतेच्या ४० टक्के इतका हलका व्यायाम आणि एक दिवस ७५ टक्के इतका जोरकस. जेवण हवं तेवढं घ्यायची मुभा होती. जोरकस व्यायामाच्या दिवशी मुलांनी आपणहून कमी खाल्लं, विशेषतः रात्रीच्या जेवणात, आणि आपल्याला जास्त भूक लागली असंही ती म्हणाली नाहीत. सडपातळ मुलांमध्ये असा परिणाम तितकासा आढळत नाही. प्रयोगातली मुलं मोजकी होती आणि हिशेब एका दिवसाचा होता, हे विसरू नका. यावरून ‘व्यायामाने भूक मरते’ असा निष्कर्ष काढायचा नाही. ‘व्यायामाने भूक वाढतेच’ हा ठाम समज चुकीचा आहे, एवढं मात्र यातून नक्की कळतं.

मग तुमच्या घरी तो दुप्पट का जेवतो? बहुतेक वेळा कारण पोटात नसतं. ‘आज एवढं धावलो, आता चालतंय’ असं त्याला वाटतं. ‘बिचारा दमून आलाय’ असं आपल्याला वाटतं आणि वाढणारा हात सैल सुटतो. काही वेळा दुपारपासून त्याने काही खाल्लेलंच नसतं, आणि ती भूक व्यायामाच्या नावावर खपते. शिवाय खर्चाचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. ७० किलो वजनाच्या मुलाने अर्धा तास झपझप चालून साधारण १४० कॅलरी खर्च होतात. अर्धा लिटर गोड कोल्ड्रिंकमध्ये २०० च्या आसपास असतात. व्यायामानंतर साधं पाणी द्या. तासाभराच्या आतल्या व्यायामाला स्पोर्ट्स ड्रिंकची गरज नसते.

३. व्यायाम जेवणाआधी करावा की नंतर?

वरच्या उत्तरातला अर्ध्या-एक तासाचा अवधी लक्षात घेतला तर उत्तर सरळ निघतं. जोरकस व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात मुख्य जेवण आलं, तर भूक अजून दबलेली असते आणि थोडं कमी खाल्लं जाण्याची शक्यता असते. व्यायाम आणि जेवण यांत तीन तासांचं अंतर पडलं, तर तो फायदा विरून जातो आणि मधल्या वेळात तोंड चाळवायला भरपूर संधी मिळते. म्हणजे निवड करणं हातात असेल, तर व्यायाम जेवणाच्या थोडा आधी.

पण हा फायदा लहान आहे. त्यासाठी शाळा, खेळाचा सराव आणि झोप यांची उलथापालथ करू नका. मुलाला संध्याकाळी पाच वाजता मित्रांबरोबर खेळायला आवडतं आणि घरचं जेवण साडेआठला असतं, तर पाचचा खेळच बरोबर. मधे काय खायचं ते प्रश्न ७ मध्ये आहे. नियमित होणारा चुकीच्या वेळचा व्यायाम हा न होणाऱ्या योग्य वेळच्या व्यायामापेक्षा कधीही बरा. मिनिटामिनिटाचं वेळापत्रक मागणाऱ्या पालकांना माझं हे उत्तर पचत नाही, हे मला माहीत आहे.

जेवणानंतरचा व्यायाम वाईट नाही, त्याचं काम वेगळं आहे. जेवून दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चाललं तर स्नायू रक्तातली साखर उचलतात आणि जेवणानंतर ती फार चढत नाही. जोरकस व्यायामासाठी मात्र भरपेट जेवणानंतर दोनेक तास थांबावं, नाहीतर मळमळतं आणि पोटात कळ येते. इन्सुलिन घेणाऱ्या मुलांसाठी हे नियम बदलतात, प्रश्न १५ पाहा.

४. रोज किती व्यायाम? आणि कुठला?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीने रोज ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट करणारा व्यायाम करावा. सरासरी हा शब्द महत्त्वाचा. एखादा दिवस बुडला म्हणून आठवडा बुडत नाही. तुकडे केले तरी चालतात. आजवर काहीच न करणाऱ्या मुलाने दहा मिनिटांपासून सुरुवात करावी.

तीव्रता ओळखायला यंत्र लागत नाही. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतं, तो जोरकस.

प्रकाराचं म्हणाल तर धावण्याचा आग्रह धरू नका. जास्त वजनाच्या मुलासाठी धावणं म्हणजे गुडघ्यांवर भार आणि वर्गात सगळ्यांच्या शेवटी पोहोचण्याची लाज. सायकल आणि पोहणं सांध्यांना सोपं जातं. (थंड पाण्यात व्यायाम केल्यावर खाणं वाढतं, असं मोठ्यांवरच्या प्रयोगात आढळलं आहे. पोहून आल्यावर कडकडून भूक लागते ती उगाच नाही.) वजनं उचलण्याचा व्यायाम या मुलांना विशेष मानवतो, कारण त्यांची ताकद मुळातच जास्त असते आणि इथे ती पुढे असतात. योग्य देखरेखीखाली केलेल्या वजनांच्या व्यायामाने उंची खुंटते, हा समज निराधार आहे.

५. मी १५ वर्षांचा आहे. जेवून उठलो की तासाभरात पुन्हा भूक लागते. घरात सगळे मला ‘भस्म्या’ म्हणतात. माझ्यात इच्छाशक्ती नाही का?

इच्छाशक्तीचा संबंध तुला सांगितला जातो तेवढा नाही. भूक ठरवणारं केंद्र मेंदूत, हायपोथॅलॅमसमध्ये असतं. शरीरातली चरबी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडते आणि ‘साठा पुरेसा आहे’ असं त्या केंद्राला कळवते. १९९४ मध्ये याचा शोध लागला तेव्हा लठ्ठपणावर इलाज सापडला असंच सगळ्यांना वाटलं होतं. पण लठ्ठपणा असलेल्या बहुतेकांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं, मेंदू त्याला दाद देत नाही. निरोप जातो, ऐकला जात नाही. त्यात तुझं वय भराभर उंची वाढण्याचं. या काळात भूक वाढणं नैसर्गिक आहे.

तुझ्या हातात काय आहे ते सांगतो. जेवणात प्रथिनं (अंडी, डाळी, कडधान्यं, दही, मासे यांपैकी घरात जे असेल ते) आणि चोथा असलेलं अन्न जास्त असेल तर पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. पीठ, साखर आणि तेल यांनीच ताट भरलं तर तासाभरात परत भूक लागणारच. पुन्हा भूक लागली की स्वतःला विचार: आत्ता साधं फळ किंवा उरलेली भाजी समोर आली तर खाईन का? हो, तर ती भूक खरी आहे आणि खायला हरकत नाही. ‘नको, चिप्स असतील तरच’ असं उत्तर आलं, तर ती बहुधा कंटाळ्याची भूक. ती चुकीची नाही, पण तिचा उपाय स्वयंपाकघरात नाही. झोपेचं प्रश्न १२ मध्ये वाच, तुझ्या बाबतीत तेच मोठं कारण असू शकतं.

आणि हे उत्तर घरच्यांना दाखव. वजनावरून चिडवल्याने मुलं बारीक होत नाहीत. अशी मुलं पुढे जास्त खातात आणि त्यांचं वजन जास्त वाढतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

६. मुलगी सकाळी काहीच खात नाही. न्याहारी चुकवल्याने वजन वाढतं म्हणतात. जबरदस्ती करू का?

जबरदस्ती नको. न्याहारी न करणाऱ्या मुलांमध्ये लठ्ठपणा जास्त आढळतो हे खरं आहे, पण तीच मुलं रात्री उशिरा खातात, उशिरा झोपतात आणि सकाळी न्याहारीच्या वेळी अर्धवट झोपेत असतात. न्याहारी हे कारण की लक्षण, ते सुटं करणं अवघड आहे. मोठ्यांवरच्या प्रयोगांत निव्वळ न्याहारी सुरू केल्याने वजन उतरलेलं नाही.

पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळच तासा-दोन तासांनी पुढे सरकतं. सकाळी सहाला भूक नसणं हा नखरा नव्हे. रात्रीचं जेवण थोडं अलीकडे आणा, झोप वाढवा, म्हणजे आठवड्या-दोन आठवड्यांत सकाळची भूक बहुधा आपोआप परत येते. तोवर मधल्या सुट्टीत खाता येईल असं काहीतरी बरोबर द्या. भुकेलं ठेवून दुपारपर्यंत नेलं की पुढचा प्रश्न उभा राहतो.

७. शाळेतून आला की खा-खा सुटते. जेवणाच्या वेळेपर्यंत कसं थोपवायचं?

थोपवू नका, वाढा. दुपारी चार-पाच ही या मुलांच्या खऱ्या भुकेची वेळ असते, आणि नेमकं तेव्हा घरात कोणी नसतं व हाताशी पाकिटं असतात. या वेळेचं खाणं ‘मधलं तोंडात टाकणं’ न समजता छोटं जेवण समजा: बसून, ताटलीत, प्रथिनांसकट. त्यानंतर तासाभराने खेळ. बऱ्याच घरांत एवढ्या एका बदलाने रात्रीचं ताट आपोआप लहान होतं, असा माझा अनुभव आहे.

८. संध्याकाळी सातनंतर काही खायचंच नाही, हा नियम बरोबर आहे का?

सात या आकड्यात जादू नाही. उशिरा खाण्याचे तोटे मात्र खरे आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेत जास्त वजनाच्या १६ प्रौढांवर एक काटेकोर प्रयोग झाला. तेच अन्न, तेवढंच, फक्त चार तास उशिरा दिलं. उशिराच्या दिवसांत त्यांना भूक जास्त लागली, लेप्टिन कमी भरलं आणि शरीराचा ऊर्जाखर्चही थोडा घटला. ती माणसं मोठी होती, प्रयोग काही दिवसांचा होता, पण दिशा कळते.

मुलांसाठी घड्याळाच्या आकड्यापेक्षा झोपेपासूनचं अंतर धरा. शेवटचं जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास असावेत. संध्याकाळी उशिरापर्यंत शिकवणी किंवा सराव असेल तर जेवणाचे दोन भाग करा: मुख्य भाग जाण्यापूर्वी, हलका भाग आल्यावर. रात्री नऊला दमून आलेल्या मुलाला ‘सात वाजून गेले’ म्हणून उपाशी झोपवलं तर मध्यरात्री फ्रिज उघडेल, आणि तोही लपून. लपून खाण्याबद्दल प्रश्न १७ पाहा.

९. इंटरमिटंट फास्टिंग (ठरावीक तास किंवा दिवस उपाशी राहणं किंवा अगदी कमी खाणं) मुलांनी करावं का? मैत्रिणीचं वजन त्याने उतरलं.

स्वतःच्या मनाने नको. ऑस्ट्रेलियात १३ ते १७ वर्षांच्या १४१ मुलामुलींवर वर्षभराची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. एका गटाने आठवड्यातले काही दिवस खूप कमी कॅलरी घेतल्या, दुसऱ्याने रोज बेताने कपात केली. दोन्ही गटांचा बीएमआय कमी झाला आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणजे उपाशी राहण्यात वेगळी किमया नाही. शिवाय ही मुलं डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या सततच्या नजरेखाली होती, रक्त तपासलं जात होतं आणि मानसिक तब्येतीकडेही लक्ष होतं. व्हिडिओ बघून सुरू केलेल्या उपाशीपणात यातलं काहीच नसतं.

रात्री बारा तास पोटाला विश्रांती, म्हणजे साधारण आठ ते आठ, एवढं कुणीही करू शकतं. त्याला डाएट म्हणायचीही गरज नाही. मधुमेहाची औषधं चालू असतील किंवा पूर्वी खाण्याचा विकार झाला असेल, तर तेवढंही विचारल्याशिवाय नको.

१०. उपाशीपोटी व्यायाम केला की चरबी जास्त जळते ना?

त्या तासात हो, दिवसभरात नाही. उपाशीपोटी शरीर इंधन म्हणून चरबी जास्त वापरतं आणि पुढच्या काही तासांत त्याची भरपाई करतं. चोवीस तासांचा हिशेब जवळपास सारखाच पडतो. सकाळी उठून रिकाम्या पोटी चालायला जाणं सोयीचं वाटत असेल तर जरूर जा. चक्कर, घाम, हातपाय थरथरणं असं काही झालं तर आधी एखादं फळ खाऊन निघा.

११. मुलगा पाच मिनिटांत ताट रिकामं करतो. सावकाश जेवल्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि यावर लक्ष फार कमी जातं. पोट भरल्याचे निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तोवर बकाबका जेवणाऱ्याचं दुसऱ्यांदा वाढून झालेलं असतं. ब्रिटनमध्ये ९ ते १७ वर्षांच्या, लठ्ठपणा असलेल्या १०६ मुलांवर झालेल्या चाचणीत (२०१०) एका गटाला ताटाखाली ठेवायचा वजनकाटा दिला होता. ताटातलं अन्न किती वेगाने कमी होतंय ते शेजारच्या पडद्यावर दिसायचं आणि ठरवलेल्या वेगाच्या रेषेशी ते जुळवत जेवायचं. वर्षभराने या गटाचा बीएमआय नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त उतरला होता.

घरी काटा नको. घास तोंडात असताना चमचा किंवा हात ताटाबाहेर, अर्ध्या जेवणात एकदा पाणी, आणि दुसऱ्यांदा वाढण्याआधी पाच मिनिटं गप्पा. सगळ्यांनीच असं जेवावं. एकट्यालाच ‘हळू, हळू’ म्हणत राहिलात तर तो ताट घेऊन खोलीत जाईल.

१२. गेम खेळताना आणि रात्री जागून अभ्यास करताना सतत खाणं चालू असतं. एवढी भूक कशी लागते?

भूक लागतेच असं नाही. निरोगी किशोरवयीन मुलांना तासभर व्हिडिओ गेम खेळायला देऊन नंतर जेवू घातलं, तर नुसतं बसलेल्या दिवसापेक्षा त्यांनी जास्त खाल्लं, पण जास्त भूक लागल्याचं त्यांनी सांगितलं नव्हतं. बौद्धिक कामानंतरही असंच आढळलं आहे. मेंदू शिणतो, शरीर हललेलं नसतं, आणि हात पाकिटाकडे जातो. एक उपाय सोपा आहे: गेम किंवा अभ्यास आणि जेवण यांच्यामध्ये पंधरा मिनिटं अंग हलवणं घाला. दुसरा त्याहून सोपा: पडद्यासमोर खाणं घरात कुणीच करायचं नाही. कुणीच म्हणजे बाबांनीसुद्धा.

झोपेचा भाग मोठा आहे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. झोप कमी मिळालेल्या दिवसांत किशोरवयीन मुलं गोड पदार्थ जास्त खातात, असं प्रयोगांत दिसलं आहे. संध्याकाळच्या व्यायामाने झोप उडते का, असंही बरेच जण विचारतात. बहुतेकांची उडत नाही, फक्त झोपण्याआधीच्या तासात धापा टाकायला लावणारा व्यायाम टाळावा.

१३. तीन महिने न चुकता व्यायाम केला. काटा हललेला नाही. सोडून देऊ का?

(हा प्रश्न एका १६ वर्षांच्या मुलीचा.) सोडू नकोस. नुसत्या व्यायामाने वजन थोडंच उतरतं, हे तुला आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं. पण तीन महिन्यांत तुझ्या यकृतातली चरबी कमी झाली असेल, इन्सुलिन जास्त चांगलं काम करत असेल, हृदयाची क्षमता वाढली असेल. हे सगळं वजन तेवढंच राहूनही होतं. इन्सुलिनवरचा परिणाम मात्र दोन-तीन दिवसच टिकतो, म्हणून व्यायामात मोठा खंड नको. जिना चढताना पूर्वीइतकी धाप लागते का, कमरेचं माप किती, झोप कशी लागते, हे नोंदव. उंची वाढली असेल तर काटा हलला नाही हीच प्रगती आहे (प्रश्न १).

१४. व्यायाम सुरू केल्यापासून गुडघा दुखतो, थोडा लंगडतो. वजनामुळेच असेल ना?

असेलही, पण तसं गृहीत धरून बसू नका. किशोरवयात, विशेषतः वजन जास्त असताना, मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोल माथा वाढीच्या रेषेवरून घसरू शकतो. त्याची वेदना पुष्कळदा खुब्यात न जाणवता मांडीत किंवा गुडघ्यात जाणवते, आणि गुडघ्याचा एक्स-रे अगदी व्यवस्थित येतो. मूल लंगडत असेल, पाऊल बाहेर वळवून टाकत असेल, तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे. खुबा तपासायला सांगा. पायावर भारच देता येत नसेल तर चालवू नका, उचलून न्या. उशीर झाला तर सांधा कायमचा बिघडू शकतो.

व्यायामात शिट्टीसारखा श्वास किंवा खोकला येत असेल तर तो दमा असू शकतो. औषधाने तो आटोक्यात ठेवून व्यायाम करता येतो. छातीत दुखणं किंवा व्यायाम करताना शुद्ध हरपणं याला मात्र थांबायला वेळ नाही, लगेच तपासणी.

१५. मुलाला मधुमेह आहे आणि दुसरीही औषधं चालू आहेत. व्यायाम-जेवणाचं वेळापत्रक तेच ठेवायचं का?

नाही. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असताना व्यायामाने साखर धोकादायक खाली जाऊ शकते, कधी कधी काही तासांनी, रात्री झोपेतसुद्धा. व्यायामाआधी साखर तपासणं, मात्रा बदलणं, जवळ साखर ठेवणं, हे सगळं तुमच्या डॉक्टरांबरोबर लिहून काढा. फक्त मेटफॉर्मिन चालू असेल तर हा धोका फार कमी.

काही औषधं मुळात भूकच वाढवतात: स्टेरॉइडच्या गोळ्या, मानसिक आजारांवरची काही औषधं, फिट्सवरची काही. औषध सुरू झाल्यावर भूक एकदम वाढली असेल तर ते सांगा, पर्याय असू शकतो. मनानेच बंद मात्र करू नका.

१६. भूक कमी करणारी इंजेक्शनं घेतली तर व्यायामाची गरज उरते का?

उरते, आणि कारण बदलतं. लिराग्लुटाइड (२०२०) आणि सेमाग्लुटाइड (२०२२) यांना अमेरिकेत लठ्ठपणासाठी वयाच्या १२ व्या वर्षापासून मान्यता मिळाली. सेमाग्लुटाइडच्या किशोरवयीनांवरच्या चाचणीत ६८ आठवड्यांत बीएमआय सरासरी १६ टक्क्यांनी उतरला, आणि त्या मुलांनाही आहार-व्यायामाचं मार्गदर्शन चालूच होतं. वजन वेगाने उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. ते टिकवायला वजनांचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिनं लागतात. वेळेचा प्रश्न इथे उलटा होतो: भूकच नसते, म्हणून जेवण विसरलं जातं. तेव्हा घड्याळ बघून थोडं थोडं खावं. जेवण जठरात जास्त वेळ राहतं, त्यामुळे जेवणानंतर लगेच उड्या मारल्या तर मळमळ ठरलेली.

१७. मुलगी लपून खाते. वेष्टनं गादीखाली सापडली. आणि नंतर तासन्‌तास व्यायाम करते.

ओरडू नका, कपाटाला कुलूप लावू नका. थोड्या वेळात खूप खाणं, थांबताच न येणं आणि मग व्यायामाने, उपाशी राहून किंवा उलटी काढून ‘फेडणं’, हा खाण्याचा विकार असू शकतो. तो वजन जास्त असतानाही होतो. त्याची सुरुवात बऱ्याचदा स्वतःच्या मनाने केलेल्या कडक डाएटपासून होते. तज्ज्ञांच्या देखरेखीतल्या उपचारांत उलट हा धोका कमी होताना आढळतो. बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही दाखवा. वजनाची चर्चा तोवर बाजूला ठेवा.

एक अपवाद सहज निसटतो. वजन झपाट्याने उतरणाऱ्या मुलीचं सगळे कौतुक करत असतात, आणि तिची पाळी थांबलेली असते, हातपाय गार पडतात, उठताना चक्कर येते, नाडी मंद झालेली असते. बीएमआय अजून ‘जास्त’ किंवा ‘नॉर्मल’ असला तरी हा उपासमारीचा आजार आहे आणि त्याला तातडीने उपचार लागतात.

१८. आमच्या मुलाची भूक अगदी बाळपणापासून अशीच आहे. कचऱ्यातलंसुद्धा उचलून खायचा. वर लिहिलेलं काहीच लागू पडत नाही.

मग ते तुमच्या मुलासाठी नसेलच. पाच वर्षांच्या आत सुरू झालेला तीव्र लठ्ठपणा आणि कशानेच न भागणारी भूक असेल तर जनुकीय तपासणीबद्दल विचारा. प्रॅडर-विली सिंड्रोममध्ये बाळ आधी लुळं आणि दूध नीट न ओढणारं असतं, मग काही वर्षांनी भूक अनावर होते. तिथे अन्न कुलूपबंद ठेवणं हाच उपचाराचा भाग असतो, म्हणजे प्रश्न १७ मधल्या सल्ल्याच्या अगदी उलट. एमसी४आर नावाच्या जनुकातला दोष हे एका जनुकामुळे होणाऱ्या लठ्ठपणाचं सर्वाधिक आढळणारं कारण आहे. जन्मतः लेप्टिनच तयार न होणारी मुलं फार दुर्मीळ. १९९७ मध्ये अशा पहिल्या दोन मुलांची नोंद झाली. त्यांपैकी एका मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर तिची भूक उतरली आणि वजनही, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर तिला जेवणापासून कुणीच थांबवू शकलं नव्हतं.

तपासणीला जाताना जन्मापासूनच्या वजन-उंचीच्या नोंदी, मूल चालायला-बोलायला कधी लागलं आणि घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, एवढं लिहून न्या.